सात दीड

बातमी तीन कॉलमांची होती आणि तिच्यात तीन चुका होत्या. रूथचं वय सदुसष्ट छापलं होतं. ती एकोणसत्तर वर्षांची होती. तिचा नवरा जयतीर्थ लंडनला गेला असं लिहिलं होतं. तो गेला हडर्सफील्डला, गिरण्यांच्या गावाला, कापड रंगवण्याचं शास्त्र शिकायला, आणि शेवटपर्यंत तिथेच राहिला. तिसरी चूक मथळ्यात होती, म्हणून सकाळी अकरापर्यंत ती कुणाच्या लक्षात आली नाही.

मथळा होता: 'संत भीमाचार्यांचं पद ब्रिटिश संगीतकार परत आणते'.

अण्णांनी, म्हणजे गुंडो पेशकारांनी, ती बातमी भिंगाखाली चार वेळा वाचली. त्र्याऐंशी वर्षांच्या आयुष्यात घराण्याचं नाव छापून आलेलं त्यांनी दोनदाच पाहिलं होतं, आणि त्यातली एक शोकवार्ता होती.

"भीमाचार्य मथळ्यात आहेत," त्यांनी भावजयीला सांगितलं. "तू पाचव्या ओळीत."

"पाचवी म्हणजे खूप वर," रूथ म्हणाली. "आमच्या गावच्या पेपरात मी हवामानाच्या खाली असायची."

ती मराठी बोलायची. चाळीस वर्षं एकाच माणसाकडून शिकलेली असल्यामुळे ती बेंगळूरच्या मल्लेश्वरमची मराठी होती. तिच्यातलं कानडी 'स्वल्प' आणि 'सरी' ऐकून पुण्याचे पाहुणे गोंधळत. आत्ता ती जेवणाच्या टेबलाशी बसून अवऱ्याचे, म्हणजे पावट्याचे, भिजवलेले दाणे चिमटीत दाबत होती. साल हातात राहायचं आणि दाणा उडायचा. जानेवारीचा रविवार होता, अवऱ्याचा मोसम ऐन भरात होता, आणि या घरात पाहुण्यालाही दाणे सोलल्याशिवाय जेवण मिळत नसे.

संध्याकाळी साडेसहाला आठव्या क्रॉस रस्त्यावरच्या सभागृहात तिच्या चौथ्या क्वार्टेटचा, म्हणजे दोन व्हायोलिनं, एक व्हिओला आणि एक चेलो यांच्यासाठी लिहिलेल्या रचनेचा, पहिला प्रयोग होता. गिरणीतल्या ब्रास बँडमध्ये कॉर्नेट वाजवणाऱ्या माणसाची ही मुलगी. तिने बँडसाठी लिहिलं, चर्चमधल्या गायकांसाठी लिहिलं, एकदा दोनशे शाळकरी मुलांच्या शिट्ट्यांसाठीही लिहिलं. तीन वर्षांपूर्वी जयतीर्थ गेला आणि तिने वर्षभर एक सूरही कागदावर उतरवला नाही. मग हे लिहिलं. शेवटचा भाग एका चालीवर बांधला होता. ती चाल जयतीर्थ रोज सकाळी दाढी करताना गुणगुणायचा. शब्द नसायचे. कुठली म्हणून विचारलं तर म्हणायचा, घरची आहे, जुनी आहे.

म्हणून दोन वर्षांपूर्वी तिने व्हिडिओ कॉलवर ती अण्णांना गुणगुणून दाखवली होती.

इथे या घराची एक रीत सांगायला हवी. शहाजीराजांच्या मागोमाग बेंगळूरला आलेल्या या कुटुंबाचे मूळ पुरुष भीमाचार्य. त्यांची अकरा पदं पोथीत आहेत. चाल एकाचीही कुणाला माहीत नाही. घरातल्या ज्या गोष्टीचा कर्ता ठाऊक नसे, ती भीमाचार्यांच्या नावावर जायची. परसातला फणस त्यांचा, चिंचेच्या गोज्जूची, त्या आंबटगोड कालवणाची, कृती त्यांची, पेशकारांचं डावीकडे वळलेलं नाकही त्यांचं. त्या दिवशी अण्णांच्या श्रवणयंत्राची बॅटरी उतरली होती. त्यांना चाल ऐकूच आली नाही, रूथचे ओठ तेवढे हललेले दिसले. पण प्रश्न घरच्या जुन्या गोष्टीचा होता आणि उत्तर तयार होतं.

"भीमाचार्य," ते म्हणाले होते.

अकराला दिवाणखान्यातला सोफा भिंतीला लावून वादक बसले. पहिलं व्हायोलिन अभिराज, येलहंक्याहून कॅबने आलेला. व्हिओला संहिता, अण्णांची नात. आणखी एक व्हायोलिन आणि एक चेलो. पूर्ण तालीम आदल्या दिवशी झाली होती. आज फक्त शेवटचा भाग वाजवायचा होता, तो घरच्यांना ऐकवण्यासाठी.

अक्का स्वयंपाकघरात होत्या. सत्यवती अक्का, अण्णांची धाकटी बहीण आणि जयतीर्थची मोठी, वय ऐंशी. तीन क्रॉस पलीकडे राहायच्या आणि रविवारी इथे जेवायला यायच्या. मुलींच्या शाळेत चौतीस वर्षं त्यांनी गणित शिकवलं होतं. रूथचा तो कॉल त्यांनी ऐकला नव्हता, नंतरचं रेकॉर्डिंगही नाही. 'पद आहे ना, सभागृहात ऐकेन,' असं म्हणाल्या होत्या. आत्ता त्या फोडणीसाठी कढीलिंब निवडत होत्या.

व्हिओलाने एकटीने सुरुवात केली. एक छोटी ओळ. दुसरी तशीच, जराशी वर चढणारी. तिसरीत एक हेलकावा, चौथी सरळ. अक्कांचा हात कढीलिंबावर थांबला. पाचवी ओळ, सहावी. सातवी निम्म्यावर आली आणि तुटली. सगळी वाद्यं थांबली. चेलोवाल्याने बोटाच्या पेराने लाकडावर दोनदा ठकठक केलं.

"साडेदहा," स्वयंपाकघरातून आवाज आला.

अभिराजने दाराकडे पाहिलं, मग घड्याळाकडे. अकरा वाजून वीस मिनिटं झाली होती. वादकांनी पुन्हा पहिल्या ओळीपासून धरलं. रचनेत तसंच होतं. या वेळी चारही वाद्यं. सातवी ओळ, निम्म्यावर शांतता, ठकठक.

"साडेदहा," पुन्हा आवाज आला, या वेळी जरा दरडावून.

रूथने हात वर केला. वादन थांबलं. ती उठून स्वयंपाकघराच्या दारात गेली.

"अक्का, काय साडेदहा?"

"मी काही बोलले का?" अक्का म्हणाल्या. त्यांना खरंच कळलं नव्हतं.

"दोनदा बोललात."

अक्कांनी पदराला हात पुसले. पुसून झाले तरी पुसत राहिल्या.

"सात दीड साडेदहा," त्या अखेर म्हणाल्या. "दिडकी आहे ही. दीडचा पाढा. जयतीर्थला पाठ होईना म्हणून मी चाल लावून दिली होती. सहापर्यंत नीट यायचा आणि सातला अडकायचा. रोज. मग मी टेबलावर दोनदा पट्टी आपटायची आणि उत्तर सांगायची. तो पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचा."

दिवाणखान्यात संहिताने व्हिओला मांडीवर ठेवली आणि हसू दाबण्यासाठी गज तोंडाशी धरला.

"जय बेसिनवर रेझर आपटायचा," रूथ हळूच म्हणाली. "दोनदा. मी तेच चेलोला दिलंय. मला वाटलं, तो पाणी झटकतोय."

जेवणं एकला झाली, पण गोज्जूकडे कुणाचं लक्ष नव्हतं. श्रीवत्सला, अण्णांच्या मुलाला, एकच गोष्ट दिसत होती. कार्यक्रम त्याने उभा केला होता. भीमाचार्य स्मारक समितीचे अध्यक्ष प्रमुख पाहुणे होते, आणि दोनशे कार्यक्रमपत्रिका छापून खोक्यात पडल्या होत्या. तिसऱ्या पानावर भीमाचार्यांचं चरित्र होतं.

"अध्यक्षांना काय सांगू?" तो म्हणाला. "या, शाल घ्या आणि पाढे ऐका?"

"बाबा, खरं ते सांगा," संहिता म्हणाली. "त्यात लाजण्यासारखं काय आहे? अक्कांनी चाल केली. अक्का इथे बसल्यात. भीमाचार्य कुठे बसलेत?"

"मोठ्यांबद्दल असं बोलू नये."

"अक्काही मोठ्याच आहेत."

अण्णा इतका वेळ भात कालवत होते. कालवून झालेला भात त्यांनी पुन्हा कालवला.

"सत्यवतीने चाल लावली असेल," ते म्हणाले. "पण तिला ती सुचली कुठून? रक्तातूनच ना? म्हणजे मुळात ती भीमाचार्यांचीच."

"परसातल्या फणसासारखी," अक्का म्हणाल्या.

"फणसाचं काय?"

"तो बाबांनी बावन्न साली लावला. खड्डा तू खणला होतास, अण्णा. दहा वर्षांचा होतास. हाताला फोड आले म्हणून दोन दिवस शाळेत गेला नाहीस."

अण्णांनी ताकाचा पेला उचलला. पेला रिकामा होता, तरी ते प्यायले.

संहिताला वाटलं, आता अक्का आपल्या बाजूने बोलतील. पण अक्कांनी तिच्याकडे पाहिलंच नाही.

"राहू द्या," त्या म्हणाल्या. "पेपरात आलंय, पत्रिका छापल्यात. भीमाचार्यांचं नाव लागलं म्हणून ते काही वर तक्रार करणार नाहीत. पण पाढ्यावर गाणं केलं म्हटलं की लोक रूथला हसतील. दोन वर्षांची मेहनत आहे. मला नको माझं नाव."

श्रीवत्सने सुटकेचा श्वास टाकला. अण्णा म्हणाले, "सत्यवती लहानपणापासून समंजस." संहिता ताटावरून उठली.

रूथने यातलं बरंचसं ऐकलं, थोडं समजलं नाही, आणि मत दिलं नाही. ती फक्त म्हणाली, "अक्का, जेवण झालं की माझ्याबरोबर दाणे सोलायला बसा."

"दुपारचे संपले."

"मग उद्याचे सोलू."

परसात फणसाखाली दोघी खुर्च्या टाकून बसल्या. मधल्या स्टुलावर दाण्यांचं पातेलं. रूथला अक्का चाळीस वर्षांत सहा वेळा भेटल्या होत्या आणि प्रत्येक वेळी तिला त्यांची किंचित भीती वाटली होती. आज पहिल्यांदा तिच्या लक्षात आलं, की अक्काच तिच्याकडे बघायचं टाळताहेत.

"तुम्हाला नाव नको म्हणता ते लोक हसतील म्हणून नाही," ती म्हणाली.

अक्कांनी चार दाणे सोलले.

"पट्टी टेबलावर आपटायची असं मी मघाशी सांगितलं," त्या म्हणाल्या. "नेहमी टेबलावरच नाही. कधी त्याच्या हातावर. मी तरी केवढी, पण मास्तरीण व्हायचं होतं ना. एकदा बोट सुजलं. तो आईला म्हणाला, दारात सापडलं. पुढे तो तिकडे गेला आणि तिकडचाच झाला, तेव्हा मला वाटायचं, त्या पट्टीपासून लांब गेला."

"किती वेळा मारलंत?"

"मोजलं नाही."

"गणिताच्या बाई आणि मोजलं नाही?"

अक्कांच्या ओठांची कड हलली.

"ऐका," रूथ म्हणाली. "माझ्या वडिलांनी मला कॉर्नेट शिकवलं. चूक झाली की माझ्या खुर्चीला लाथ मारायचे. त्यांनी शिकवलेला एकही तुकडा मी आजही गुणगुणत नाही. जय हे रोज गुणगुणायचा, एक्केचाळीस वर्षं, तोंडाला साबण लावून. आजारी होता तेव्हाही, दाढी मी करून द्यायची आणि हा गुणगुणायचा. सातला थांबायचा, माझ्याकडे बघायचा, मग मी रेझर आपटायची. त्याला ते आवडायचं. पट्टीपासून पळालेला माणूस ती रोज सकाळी कशाला परत मागेल?"

अक्कांनी दाणा दाबला. तो उडून फणसाच्या बुंध्याशी पडला. त्यांनी चष्मा काढला, पदराने पुसला आणि परत लावला.

"सातच्या पुढे काय येतं?" रूथने विचारलं. "मला माहीत नाही. त्याने कधी म्हटलंच नाही. शेवट कसा करायचा म्हणून मी आठ महिने अडले होते. अखेर ठकठक करून सोडून दिलं. क्वार्टेट तिथेच संपतं, अर्ध्या ओळीवर."

अक्कांनी घसा साफ केला. ऐंशी वर्षांच्या आवाजात, दाणे सोलता सोलता, त्यांनी म्हटलं: आठ दीड बारा. नऊ दीड साडेतेरा. दहा दीड पंधरा. शेवटची ओळ खाली उतरत जिथून चाल निघाली होती तिथे येऊन टेकली.

रूथने पर्समधून पेन्सिल काढली. कागद नव्हता, म्हणून सकाळची बातमी उलटी करून तिच्या समासात पाच रेघा ओढल्या आणि तीन ओळी लिहून घेतल्या. दोनदा म्हणायला लावल्या. दुसऱ्या वेळी अक्कांनी साडेतेराला एक छोटी मुरकी घेतली. रूथने तीही लिहिली.

"म्हणजे आता शेवट बदलणार?" संहिता दारात उभी होती.

"नाही. रचना संपल्याची दुहेरी रेघ मारली की मी काही बदलत नाही. कधीच बदललं नाही. क्वार्टेट जयचं आहे. जय सातला थांबतो." तिने समास फाडून संहिताकडे दिला. "हे रेघेच्या बाहेरचं आहे. तुझ्याकडे ठेव. ठकठक झाल्यावर कुणी उत्तर दिलं, तर तू एकटी पुढे वाजव. नाही दिलं, तर टाळ्या पडतील आणि आपण उठू."

"कोण देणार उत्तर?"

दोघींनी अक्कांकडे पाहिलं.

"अय्यो, मी नाही," अक्का म्हणाल्या. "शंभर माणसांत पाढे म्हणू? या वयात?"

श्रीवत्सचं मत नेमकं केव्हा बदललं, हे पुढे या घरात बरीच वर्षं वादाचं राहिलं. तो स्वतः सांगायचा, की मनातून आपण आधीपासून संहिताच्याच बाजूने होतो. वस्तुस्थिती एवढी, की परसदारच्या खिडकीत तो मोबाईल हातात घेऊन दहा मिनिटं उभा होता आणि त्या दहा मिनिटांत त्याने एकही नंबर फिरवला नाही. साडेतीनला त्याने घरच्या प्रिंटरवर चिठ्ठ्या काढायला घेतल्या. पत्रिकेच्या तिसऱ्या पानावर, चरित्राच्या जागी चिकटवायच्या. पहिली चिठ्ठी घेऊन तो अण्णांच्या खोलीत गेला.

अण्णा पलंगावर आडवे होते, डोळे उघडे.

"वाच," ते म्हणाले.

"'चौथ्या भागातली चाल: सत्यवती पेशकार, मल्लेश्वरम, १९५७. तेव्हा वय बारा.' आडनाव माहेरचं घातलंय, कारण..."

"तेव्हा ती पेशकारच होती. बरोबर आहे." अण्णा उठून बसले. "साल चुकलंय. छप्पन. त्या वर्षी मला गोवर आला होता. पंधरा दिवस मी त्याच खोलीत पडून होतो आणि ही दोघं माझ्या डोक्याशी दिडकी घोकत होती. वय अकरा कर."

श्रीवत्सने चिठ्ठी खाली घेतली. "म्हणजे तुम्हाला आठवत होतं?"

"आज सकाळी आठवलं. ठकठक झाली तेव्हा." त्यांनी श्रवणयंत्र कानातून काढून पाहिलं आणि परत घातलं. "कॉलवर मला ऐकू आलं नव्हतं. ऐकू आलं नाही असं म्हणायचं राहून गेलं, एवढंच. अध्यक्षांना मी सांगतो. भाषण मात्र करणार नाही. नवीन बॅटरी कुठे आहे?"

अध्यक्ष समजूतदार निघाले. फोनवर सगळं ऐकून त्यांनी एवढंच विचारलं, की शाल कुणाला द्यायची.

सभागृहात एकशे साठ माणसं होती. पेशकार तिसऱ्या रांगेत बसले: अण्णा, अक्का, श्रीवत्स, कडेला रूथ. पत्रिकेतली चिठ्ठी अक्कांनी एकदा वाचली आणि पत्रिका मिटून मांडीवर ठेवली. नंतर ती उघडली नाही, पण हातातून खालीही ठेवली नाही.

पहिले तीन भाग लोकांनी शांतपणे ऐकले. तिसऱ्यात गिरण्यांचा आवाज होता, त्यावर दूरचा बँड. अण्णांना तो आवडला आणि त्यांनी मांडीवर ठेका धरला. चौथा भाग व्हिओलाने उघडला. चाल पाच वेळा आली, दर वेळी नव्या कपड्यांत, आणि पाचही वेळा सातला तुटली. ठकठक. दर ठकठकीला रूथ अक्कांकडे बघायची आणि अक्का मंचाकडे.

सहावी आणि शेवटची फेरी. व्हायोलिनं विरली, चेलो विरला. व्हिओला एकटी राहिली. सहा ओळी, सातवीचा अर्धा. शांतता. चेलोवाल्याने दोनदा लाकूड वाजवलं आणि हात खाली घेतला.

संहिताने गज उतरवला नाही. समासाचा तुकडा तिच्यासमोरच्या स्टँडवर होता.

अक्कांचे ओठ उघडले. उत्तर जिभेवर होतं. एकोणसत्तर वर्षं तिथेच होतं. पण समोर खाटेवर पाय हलवत बसलेला सहा वर्षांचा मुलगा नव्हता, आणि त्यांनी ओठ पुन्हा मिटले. तीन सेकंद गेले. चार. मागे कुणीतरी टाळ्यांसाठी हात वर घेतले. रूथने मान खाली घातली.

"साडेदहा," अण्णा म्हणाले.

नव्या बॅटरीची सवय नसलेल्या माणसाचा तो आवाज होता. शेवटच्या रांगेपर्यंत गेला. काही लोक वळले, एकदोघं हसले, मागे वर गेलेले हात तसेच राहिले. अण्णा सरळ समोर बघत होते, गोवर झालेल्या मुलासारखे लालेलाल.

संहिताने वाजवायला सुरुवात केली. आठ दीड बारा. नऊ दीड साडेतेरा, त्या मुरकीसकट. दहा दीड पंधरा. शेवटचा सूर खाली उतरला, जिथून निघाला होता तिथे टेकला आणि थांबला.

टाळ्या सुरू व्हायच्या आधी अक्कांनी मांडीवरच्या पत्रिकेवर बोटाने दोनदा ठकठक केलं.

"बरोबर," त्या म्हणाल्या.